तोंडी ठरलेले काम सोडायची वेळ आली, तर काय कराल?

कवठे महांकाळ तालुक्यात बहुतेक कामे शब्दावर ठरतात. फळछाटणी, पेस्ट लावणे, विरळणी, जीएचे डिपिंग, ब्लोअरची फवारणी, बेदाणा शेडवरचे काम, बोअर, जेसीबी, सेंट्रिंग, प्लास्टर, फरशी, लग्नाचा मंडप, आचारी, फोटो यांपैकी काहीही असो. दर ठरतो, तारीख ठरते, हातावर थोडी उचल पडते आणि काम पक्के होते. कागद होत नाही. सगळे सुरळीत पार पडले तर कागदाची आठवणही कुणाला येत नाही. पण टोळीला दुसरीकडे जास्त दर मिळाला, माणसे ऐनवेळी फुटली, मुकादम आजारी पडला किंवा सिमेंट महागले, की प्रश्न सुरू होतात.

वाचक विचारतात ते प्रश्न जवळपास सारखेच असतात:

- "लिहून काहीच नाही, मग मी बांधील कसा?"
- "उचल परत दिली की विषय संपला ना?"
- "मालक चारशेवीसची केस करतो म्हणतो. खरेच अटक होईल का?"
- "माझा मिक्सर आणि प्लेटा मालकाने अडवून ठेवल्यात. तसे करता येते का?"

हा लेख अंगावर, म्हणजे उक्ते काम घेणाऱ्या लहान ठेकेदारांसाठी आहे आणि त्यांना काम देणाऱ्या शेतकऱ्यांसाठी व घरमालकांसाठीही आहे. उत्तर थोडक्यात असे: तोंडी शब्द कायद्याने बांधतो. तो मोडला तर समोरच्याचे जे खरे आणि दाखवता येण्याजोगे नुकसान झाले, तेवढे भरून द्यावे लागते. केवळ काम सोडले म्हणून तुरुंगवास होत नाही आणि जबरदस्तीने कामही करून घेता येत नाही. पुढचे सारे या तीन वाक्यांचा तपशील आहे.

आधी पाहा : तुम्ही ठेकेदार आहात की रोजंदारीवर?

दोघांची जबाबदारी वेगळी असते, म्हणून हे आधी ठरवा.

- ठेकेदार : पूर्ण काम अंगावर घेतले आहे, दर एकरी, चौरस फुटावर किंवा एकरकमी आहे, माणसे आणि अवजारे तुम्ही आणता आणि काम कसे करायचे ते तुम्ही ठरवता. पुढची सगळी माहिती तुमच्यासाठी आहे.
- रोजंदारी : मालक सांगेल ते काम, त्याच्या देखरेखीखाली, दिवसाच्या हजेरीवर. अशा मजुराने उद्यापासून यायचे थांबवले तर झालेल्या दिवसांचा रोज त्याला मिळालाच पाहिजे. आधी घेतलेले पैसे फिटले नसतील तर तो हिशेब वेगळा करायचा.

टोळीचा मुकादम बहुतेक वेळा ठेकेदार असतो आणि त्याच्या हाताखालची माणसे मजूर असतात. शेतकऱ्याशी ठरलेले काम मोडले तर जबाबदारी मुकादमाची असते, टोळीतल्या प्रत्येकाची नाही. त्याचबरोबर मुकादमाने काम सोडले तरी माणसांनी केलेल्या कामाचे पैसे त्याला द्यावेच लागतात.

तोंडी ठरलेला करार केव्हा पक्का होतो?

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचे कलम १० कराराच्या अटी सांगते. एखाद्या कायद्याने लेखी करार सक्तीचा केला नसेल तर तोंडी करारही पूर्ण वैध असतो. छाटणी, बांधकाम, मंडप अशा कामांसाठी लेखी कराराची अशी सक्ती नाही. जमिनीच्या विक्रीचा तोंडी करारसुद्धा वैध असू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने आलोका बोस खटल्यात २००९ मध्ये सांगितले. तेव्हा 'कागद नाही म्हणजे करार नाही' हा समज मनातून काढून टाका.

करार झाला असे म्हणायला या गोष्टी दिसायला हव्यात:

1. काम कोणते, हे दोघांना सारखेच माहीत आहे.
2. दर ठरला आहे किंवा तो ठरवण्याची रीत ठरली आहे.
3. एकाने विचारले आणि दुसऱ्याने स्पष्ट होकार दिला आहे.
4. दोघांनीही राजीखुशीने ठरवले आहे आणि काम बेकायदा नाही.

उचल दिलेली नसली तरी करार होतो. तुम्ही काम करण्याचा आणि समोरच्याने पैसे देण्याचा शब्द दिला, एवढे पुरते. उचल हा करार झाल्याचा चांगला पुरावा आहे, पण ती कराराची अट नाही.

करार झालेला नाही, असे पुढील प्रसंगी म्हणता येते:

- तुम्ही फक्त अंदाजे खर्च सांगितला आणि समोरचा "घरी विचारून सांगतो" म्हणाला. त्याचा होकार पोचण्याआधी तुम्ही प्रस्ताव मागे घेऊ शकता.
- दर, मोजमाप, काम यांपैकी महत्त्वाचे काहीच ठरले नाही आणि ते ठरवण्याची रीतही ठरली नाही.
- तुम्ही "जमलं तर येतो" एवढेच म्हणालात.

काम सोडल्यास किती भरावे लागते?

करार कायद्याचे कलम ७३ याचे उत्तर देते. करार मोडल्यामुळे सरळपणे झालेले नुकसान किंवा करार करताना दोघांनाही माहीत असलेले संभाव्य नुकसान भरून द्यायचे असते. दूरचे आणि ओढूनताणून जोडलेले नुकसान मागता येत नाही.

समजा, एका घराचे प्लास्टर तुम्ही १,२०,००० रुपयांत अंगावर घेतले, २०,००० रुपये उचल घेतली आणि सुरुवात करण्याआधीच काम सोडले. हिशेब असा होतो:

- दुसरा गवंडी १,३५,००० रुपयांत मिळाला : उचलीचे २०,००० परत आणि फरकाचे १५,००० भरपाई, एकूण ३५,००० रुपये.
- दुसरा गवंडी १,२०,००० किंवा त्याहून कमी रकमेत मिळाला : दराच्या फरकाचे नुकसान नाही. उचल परत द्यायची. उशिरामुळे दुसरा खर्च झाला असेल तर तो मालकाने दाखवायचा.
- बाजारात १,३५,००० चा दर असताना मालकाने १,८०,००० देऊन काम करून घेतले : वाढीव रक्कम सहसा तुमच्यावर टाकता येत नाही. नुकसान कमी राहावे यासाठी हाताशी असलेले उपाय मालकाने करायचे असतात आणि भरपाई ठरवताना न्यायालय ते पाहते.

काम अर्धवट सोडले तर झालेल्या कामाचे मोल, घेतलेली रक्कम आणि उरलेले काम पूर्ण करायला लागलेला जादा खर्च या तिन्हींचा ताळा घालावा लागतो. एकरकमी कामात अर्ध्यावर सोडणाऱ्याची मागणी कमजोर पडते. तरीही मालकाने झालेले काम स्वीकारून त्याचा फायदा घेतला असेल तर कलम ७० च्या आधारे त्याचा मोबदला मागता येतो. म्हणून निघण्यापूर्वी झालेल्या कामाचे माप दोघांनी मिळून घेणे फार महत्त्वाचे आहे.

"नाही आलास तर दुप्पट द्यावे लागतील" असे ठरले असेल तर? तेवढी रक्कम आपोआप देणे लागत नाही. कलम ७४ प्रमाणे ठरलेला आकडा ही वरची मर्यादा असते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई ठरवते. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये हेच तत्त्व स्पष्ट केले.

तारखेला बांधलेली कामे : इथे जबाबदारी वाढते

भिंतीचे प्लास्टर आठ दिवस पुढे गेले तर बहुधा चालते. द्राक्षबागेत तसे नसते. छाटणीनंतर पेस्ट, फेलफुटी काढणे, विरळणी आणि डिपिंग ही कामे वेलीच्या अवस्थेनुसार ठरलेल्या थोड्या दिवसांतच करावी लागतात. लग्नाचा मंडप दुसऱ्या दिवशी उभा करून उपयोग नसतो. स्लॅबच्या दिवशी सेंट्रिंगवाला आला नाही तर सांगितलेली माणसे आणि मागवलेले काँक्रीट दोन्हींचा खर्च अंगावर येतो.

अशा कामांत कायदा वेळेला कराराचा गाभा मानतो. त्याचे परिणाम हे:

- ठरलेल्या वेळी काम झाले नाही तर मालक करार रद्द करू शकतो आणि भरपाईही मागू शकतो.
- मालकाने उशिरा आलेल्या टोळीला काही न बोलता काम करू दिले, तर नंतर उशिराची भरपाई त्याला मागता येत नाही. भरपाई मागायची असेल तर काम स्वीकारतानाच तसे सांगावे लागते. एक संदेश पाठवला तरी पुरतो.
- डिपिंग चुकले की मण्याच्या फुगवणीवर परिणाम होतो, हे मुकादमाला चांगले माहीत असते. त्यामुळे "एवढे नुकसान होईल याची मला कल्पना नव्हती" हा बचाव टिकणे कठीण असते. मात्र दुसरी टोळी मिळत असताना शेतकरी हातावर हात ठेवून बसला आणि मग पूर्ण बागेचे नुकसान मागू लागला, तर ती मागणीही टिकणे कठीण आहे.

कोणत्या कारणाने काम सोडता येते?

पुढील कारणे खरी असतील आणि दाखवता येत असतील तर तुमची जबाबदारी नाहीशी किंवा कमी होते:

- मालकाने आपला भाग पाळला नाही. ठरलेला हप्ता दिला नाही, सिमेंट-वाळू-पाणी पुरवले नाही, जागा मोकळी करून दिली नाही. त्याच्याकडून आधी होणारी गोष्ट झाली नाही तर तुमच्याकडून पुढच्या कामाची अपेक्षा त्याला धरता येत नाही. पण गप्प राहून निघून जाऊ नका. "अमुक तारखेपर्यंत हप्ता द्या, नाहीतर काम थांबवावे लागेल" असे आधी कळवा.
- काम खोटे सांगून दिले. दोन एकर म्हणून सांगितलेली बाग जागेवर चार एकर निघाली, किंवा अडचण माहीत असून लपवली.
- काम करणे अशक्य झाले. सरकारी मनाई आली किंवा ज्याच्या स्वतःच्या हातचे कौशल्य हाच करार होता, तो माणूस गंभीर आजारी पडला. कलम ५६ इथे लागू होते.
- दोघांनी संमतीने करार मिटवला. सगळ्यात सुरक्षित मार्ग हाच.

पुढील कारणे मात्र चालत नाहीत:

- दुसरीकडे जास्त दर मिळाला.
- डिझेल, सिमेंट, मजुरी महागली. भाववाढीमुळे काम तोट्यात गेले म्हणजे ते अशक्य झाले असे होत नाही, हे अलोपी प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये सांगितले आहे.
- टोळीतली माणसे फुटली. माणसे जमवणे ही ठेकेदाराची जबाबदारी असते.
- अवकाळी पाऊस झाला. एवढ्याने बहुतेक वेळा तारीख पुढे जाते, करार मोडत नाही.

पोलिस केस आणि अटक : खरे काय?

हा धाक सगळ्यात जास्त दाखवला जातो. इंग्रजी राजवटीत तो खरा होता. १८५९ च्या कायद्याखाली उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला दंडाधिकारी काम करण्याचा अथवा पैसे परत देण्याचा हुकूम देऊ शकत असे. तो पाळला नाही तर कैद होत असे. हा कायदा १९२५ मध्ये रद्द करण्यात आला.

आज केवळ करार मोडणे हा गुन्हा नाही, तो दिवाणी वाद आहे. फसवणुकीचा गुन्हा होण्यासाठी पैसे घेतानाच काम न करण्याचा हेतू असावा लागतो. हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये हा फरक स्पष्टपणे मांडला. पूर्वीचे 'चारशेवीस' १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आले आहे, पण तत्त्व तेच आहे.

म्हणून हा फरक नीट समजून घ्या:

- उचल घेतली, काम करायचे होते, पण अडचण आली आणि तुम्ही तसे कळवले : दिवाणी वाद.
- एकाच तारखेसाठी, एकाच टोळीच्या नावावर चार-पाच शेतकऱ्यांकडून उचल घेतली, फोन बंद केला आणि गाव सोडले : सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता असे म्हणायला जागा मिळते. ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी मोठ्या रकमा घेऊन मुकादम पसार झाल्याच्या तक्रारी वाहनमालक पोलिसांत करतात, त्या याच मुद्द्यावर.

पोलिस ठाण्यातून बोलावणे आले तर टाळू नका. उचल परत दिल्याचा किंवा देऊ केल्याचा पुरावा आणि तुम्ही पाठवलेले संदेश घेऊन जा. पैसे वसूल करून देणे हे पोलिसांचे काम नाही. दबावाखाली कोणत्याही कागदावर सही करू नका, आधी वकिलाशी बोला.

उचलीपोटी कुणाला डांबून ठेवता येत नाही

उचल फिटेपर्यंत माणसांना शेडवर किंवा फडावर अडवून ठेवणे, त्यांच्या मुलांना किंवा जनावरांना ओलीस धरल्यासारखे ठेवणे हा गुन्हा आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जापोटी सक्तीने काम करून घेण्याची प्रथा बंद केली. वेठबिगारीच्या कर्जाची फेड करण्याची जबाबदारीही तो कायदा संपवतो. या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार तहसीलदार, जिल्हाधिकारी किंवा पोलिसांकडे करता येते.

ठेकेदाराचा मिक्सर, प्लेटा, ब्लोअर किंवा मोटारसायकल बळाने अडवून ठेवण्याचा हक्कही मालकाला नसतो. नुकसान झाले असेल तर दावा करावा.

काम सोडायचेच असेल तर : सहा पायऱ्या

1. लगेच सांगा. येता येणार नाही हे कळले त्याच दिवशी सांगा. दहा दिवस आधी सांगितले तर मालकाला दुसरी टोळी मिळण्याची शक्यता राहते आणि तुमची भरपाई कमी होते. आदल्या रात्री सांगितले तर सगळा भार तुमच्यावर येतो.
2. फोन करा, मग संदेश पाठवा. फोनवरचे बोलणे नंतर सिद्ध करणे अवघड असते. संदेश राहतो.
3. पर्याय द्या. तारीख बदलून चालेल का, अर्धे काम करून चालेल का, दुसरी टोळी पाठवली तर चालेल का? खास तुमच्याच हातचे काम ठरलेले नसेल तर करार कायद्याच्या कलम ४० प्रमाणे दुसऱ्या जाणकार माणसाकडून ते करून देता येते. छाटणी किंवा प्लास्टरला हे लागू पडते. नाव पाहून ठरवलेल्या आचाऱ्याला किंवा फोटोग्राफरला बहुधा पडत नाही.
4. उचल परत द्या. शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि शेऱ्यात "उचल परत" लिहा. रोख दिली तर पावती घ्या. सगळी रक्कम एकदम जमत नसेल तर हप्ते लिहून ठरवा.
5. काम सुरू झाले असेल तर माप घ्या. दोघांसमोर टेप लावा, फोटो आणि व्हिडिओ काढा, उरलेले साहित्य मोजून ताब्यात द्या आणि मापाच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या.
6. हिशेब मिटल्याचे लिहून घ्या. "या कामाबाबत आमची एकमेकांकडे कोणतीही मागणी राहिलेली नाही" हे एक वाक्य, तारीख, दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार. ते झाले की बहुतेक वाद तिथेच थांबतो.

संदेश असा लिहिता येईल:

"नमस्कार अण्णा. तुमच्या बागेची विरळणी व डिपिंग १२ तारखेपासून करायचे आपले ठरले होते. टोळीतली माणसे कमी झाल्यामुळे मला हे काम करता येणार नाही. आज ४ तारखेला फोनवरही सांगितले आहे. तुमच्याकडून घेतलेली १०,००० रुपये उचल आज परत पाठवली आहे. हवी असल्यास दुसऱ्या टोळीची गाठ घालून देतो. मिळाल्याचे कळवावे."

अशा संदेशाने करार झाल्याचे तुम्ही मान्य करता, हे खरे आहे. पण वेळेत कळवल्याचा आणि उचल परत दिल्याचा पुरावाही त्यातूनच तयार होतो. फक्त "होईल ते सगळे नुकसान भरून देतो" असे लिहू नका. वाद आधीच पेटला असेल किंवा रक्कम मोठी असेल तर काहीही लिहिण्यापूर्वी वकिलाला विचारा.

हे करू नका

- फोन बंद ठेवू नका. साधा दिवाणी वाद फसवणुकीसारखा दिसू लागतो तो यामुळेच.
- कोरा धनादेश देऊ नका. उचलीच्या बदल्यात 'तारण' म्हणून सही केलेला धनादेश दिला आणि तो वटला नाही, तर १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो. त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. धनादेश कोरा होता एवढ्याने सुटका होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बीर सिंग खटल्यात २०१९ मध्ये सांगितले आहे. अशी नोटीस आली तर रक्कम देण्यासाठी ती मिळाल्यापासून १५ दिवस मिळतात. ते वाया घालवू नका.
- कोऱ्या मुद्रांकावर सही करू नका. अडल्या वेळीही नाही.
- काम मध्येच टाकून रात्रीत सामान हलवू नका. माप न घेता निघालात तर केलेल्या कामाचे पैसे मागायला आधार उरत नाही.
- मालकाने काम रद्द केले तर सगळी उचल गिळू नका. साहित्याची खरेदी, प्रवास, तुमच्यासाठी रिकामी बसलेली माणसे असे खरे नुकसान वजा करून उरलेले परत द्या. रक्कम इसार म्हणून दिली असेल आणि काम रद्द केल्यास ती जाईल असे स्पष्ट ठरले असेल तर गोष्ट वेगळी.

ठेकेदार फिरला तर मालकांनी काय करावे?

1. "काम करणार आहात की नाही, दोन दिवसांत कळवा" असा संदेश पाठवा. तो स्पष्ट नाही म्हणाला तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची गरज नाही. करार कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे करार तिथेच संपवता येतो.
2. शक्य असेल तर दोघा-तिघांचे दर घ्या आणि वाजवी दरात काम करून घ्या. दर लेखी किंवा संदेशावर मागवा.
3. बिले, पैसे दिल्याच्या नोंदी आणि कामाच्या स्थितीचे तारखेसह फोटो ठेवा.
4. फरकाची आणि उचलीची मागणी लेखी करा. नोटीस स्पीड पोस्टाने, पोचल्याच्या पुराव्यासह पाठवा.
5. घरबांधणीसारखे मोठे काम असेल तर विशिष्ट अनुतोष कायद्याचे कलम २० लक्षात ठेवा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर, किमान ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन दुसऱ्याकडून काम करून घेता येते आणि झालेला खर्च मागता येतो. बागेच्या कामाला ३० दिवस थांबणे शक्य नसते, तिथे करार कायद्याच्या कलम ७३ ची भरपाई हाच मार्ग घ्या.

पुरावा : कागद नसला तरी काय उपयोगी पडते?

- बोलणी झाली तेव्हा हजर असलेली माणसे.
- उचल पाठवल्याची यूपीआय किंवा बँकेची नोंद.
- व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश, आवाजी निरोप, बागेचे पाठवलेले ठिकाण.
- मुकादमाची किंवा शेतकऱ्याची वही, साहित्याची बिले.

मोबाइलमधला पुरावा न्यायालयात द्यायचा असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते वकील तयार करून देतील. तुम्ही मूळ फोन जपा आणि संदेश पुसू नका. नुसता स्क्रीनशॉट अपुरा पडू शकतो.

वाद कुठे न्यायचा?

- गावात. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राज्यात १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. ती सुरू करणारे तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील पुढे तासगाव-कवठे महांकाळ मतदारसंघाचे आमदार होते. उचलीचे आणि उक्त्या कामाचे वाद गावातच मिटवणे सर्वांत स्वस्त पडते. फक्त तडजोड लिहून दोघांच्या सह्या घ्या.
- लोकअदालत. इथल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील होत नाही.
- जिल्हा ग्राहक आयोग, सांगली. घर, लग्न अशा स्वतःच्या उपयोगासाठी पैसे देऊन सेवा घेतलेल्या मालकाला इथे तक्रार करता येते. स्वतःच्या उपजीविकेसाठी सेवा घेणारा शेतकरीही ग्राहक ठरू शकतो. मुदत दोन वर्षे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. माहितीसाठी १९१५ हा क्रमांक आहे.
- दिवाणी न्यायालय. करार मोडल्याच्या भरपाईसाठी मुदत तीन वर्षे. बिल अडलेल्या ठेकेदारालाही हाच मार्ग आहे.
- मोफत वकील. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना विधी सेवा समितीकडून मोफत मदत मिळते. क्रमांक १५१००.

न्यायालय तुम्हाला बागेत उभे करून छाटणी करायला लावत नाही. व्यक्तीच्या कौशल्यावर अवलंबून असलेल्या कामाची सक्ती करता येत नाही, पैशांतली भरपाईच मिळते. दहा-वीस हजारांच्या वादात वकील, तारखा आणि बुडालेले दिवस यांचा खर्च धरला तर तडजोड दोघांनाही परवडते.

पुढच्या कामापासून एवढे लिहा

काम ठरले की त्याच दिवशी एक संदेश पाठवा आणि समोरच्याचा "मान्य" हा प्रतिसाद घ्या. त्यात असावे:

- कामाचे नाव, माप, ठिकाण
- दर आणि हप्ते केव्हा
- साहित्य, पाणी, जेवण, प्रवास कुणाकडे
- सुरू होण्याची व संपण्याची तारीख
- उचल किती, आणि ती उचल आहे की इसार
- काम सोडायचे किंवा रद्द करायचे झाल्यास किती दिवस आधी सांगायचे आणि किती रक्कम द्यायची

लाखांच्या घरातले काम असेल तर वकिलाला विचारून योग्य मुद्रांकावर करार करा.

आपल्या भागात ठेकेदाराला पुढच्या हंगामाचे काम ओळखीवर मिळते आणि शेतकऱ्याला चांगली टोळीही ओळखीवरच मिळते. शब्द देताना विचार करा. तो पाळणे अशक्य झाले तर त्याच दिवशी सांगा, उचल परत द्या आणि हिशेब लिहून मिटवा. एवढे केले तर तुमच्यावर येणारी कायदेशीर जबाबदारी बहुतेक वेळा थोडक्या रकमेत आटोपते.